खरा कैवारी

शास्त्रपाठ : २ शमुवेल, अध्याय ९, १६:१–४, १९:२४–३०. मार्क २:१–१२, १०:४६–५२.



आपल्या मराठी शास्त्रात पवित्र आत्म्यास जी नावे दिली आहेत त्यांपैकी 'कैवारी' हे नाव मोठे गोड आहे. ज्या ग्रीक शब्दाचे हे भाषांतर होय, त्याचा मूळ अर्थ 'साहाय्यार्थ जवळ बोलाविलेला' असा आहे. हा अर्थ नीट ध्यानात धरावा. ज्यास हाक मारली म्हणून जो आला, आला तो जवळ उभा राहिला, आणि जवळ उभा राहून ज्याने हाक मारणाऱ्याचेच काम केले, तो कैवारी. कोणी न बोलाविता, कोणास न विचारता, दुसऱ्याच्या नावाने बोलू लागणारा तो कैवारी नव्हे. मग त्याचे शब्द कितीही कळवळ्याचे असोत.

आज मला आपल्या खेड्यापाड्यांतील अपंग बंधुभगिनींविषयी बोलावयाचे आहे. त्यांस हल्ली 'दिव्यांग' असे म्हणतात. सन २०११ च्या शिरगणतीत आपल्या देशात असे सुमारे २ कोटी ६८ लक्ष लोक मोजले गेले, व त्यांतील शेकडा सुमारे ६९ खेड्यांत राहणारे होते. एकट्या महाराष्ट्रात ही संख्या २९ लक्षांहून अधिक भरली. तेव्हा ही गोष्ट दूरच्या कोणाची नाही. तुमच्या मंडळीच्या यादीवरून एकदा बोट फिरवा. कोणी पांगळा, कोणी आंधळी, कोणी जन्माचा बहिरा, कोणी मंदबुद्धी म्हणून घरात ठेवलेला, असा एक तरी जीव तुम्हांस सापडेलच. त्याचा कैवार घेणे हे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य आहे, हे आपण सर्व जाणतो. परंतु कैवार घ्यावा कसा, हे फार थोडे जाणतात. आणि मी स्वतः ते उशिरा शिकलो, हे तुम्हांपुढे कबूल करावयास मी लाजत नाही.

१. ज्याने दुसऱ्याच्या नावाने बोलून त्याची जमीन नेली

योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा असता, युद्धातील पराजयाची बातमी ऐकून त्याची दाई त्यास घेऊन पळू लागली. त्या घाईत तो पडला व दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे दावीद राजा झाल्यावर त्याने आपल्या मित्राची आठवण धरून ह्या पांगळ्या पुत्रास लो-दबार येथून बोलावून आणले, त्याच्या आजाची, म्हणजे शौलाची, सर्व जमीन त्यास परत दिली, व नित्य आपल्या पंक्तीस बसविले. जमीन कसण्याचे काम शौलाच्या घराण्याचा जुना चाकर सीबा ह्याजकडे सोपविले. सीबास पंधरा पुत्र व वीस चाकर होते. व्यवस्था उत्तम झाली, असे कोणीही म्हणेल.

परंतु पुढे काय झाले? अबशालोमाच्या बंडामुळे राजास यरुशलेम सोडून पळावे लागले, त्या दिवशी वाटेवर सीबा त्यास भेटावयास आला. त्याने गाढवे आणली, दोनशे भाकरी आणल्या, मनुके, फळे व द्राक्षारस आणला. राजाने विचारले, तुझा धनी कोठे आहे? तेव्हा सीबाने सांगितले की, तो नगरातच राहिला आहे, आणि राज्य आपल्या घराण्याकडे परत येईल अशी आशा करीत आहे. राजाने एवढे ऐकले मात्र, आणि तेथल्या तेथे मफीबोशेथाची सर्व मिळकत सीबाच्या नावे करून टाकिली!

पाहा, किती सहज हे घडले. सीबा चालू शकत होता, बोलू शकत होता, त्याच्यापाशी गाढवे होती, हातात भेट होती. मफीबोशेथापाशी ह्यांपैकी काही नव्हते. आपण लंगडे असल्यामुळे गाढवावर खोगीर घालून राजाबरोबर जावयाचे होते, पण चाकराने दगा दिला, असे त्याने पुढे राजास सांगितले. राजा गेल्या दिवसापासून त्याने पायांची काळजी घेतली नव्हती, दाढी केली नव्हती, वस्त्रे धुतली नव्हती. त्याचे शरीरच त्याची साक्ष देत होते. तरीही राजाने पूर्ण न्याय केला नाही. जमीन दोघांत वाटून टाका, एवढेच तो बोलला. दावीदासारखा देवभक्त राजा जर अपंगाचे न ऐकता त्याच्या वतीने बोलणाऱ्याच्या शब्दावर निकाल देता झाला, तर तुमची आमची काय कथा!

बंधूंनो, सीबा आजही आपल्या खेड्यांत हिंडत आहे. तो बहुधा परका नसतो. तो भाऊ असतो, चुलता असतो, कधी शेजारी असतो. आणि आज मला सांगावयाचे आहे ते हे, की कधी कधी त्याच्या शेजारी साक्षीदार म्हणून उपदेशकच उभा असतो.

२. मजपाशी उत्तर नव्हते असा एक प्रश्न

सन २०१८ सालची गोष्ट. गोदावरीकाठच्या एका लहान खेड्यात मी मंडळीची सेवा करीत होतो. त्या मंडळीत दोघे भाऊ होते. धाकटा जन्मतः बहिरा, म्हणून बोलताही न येणारा. वय तिशीच्या आसपास, लग्न झालेले नाही. बाप वारला तेव्हा मागे तीन एकर काळी जमीन व विहिरीतील हिस्सा राहिला. काही दिवसांनी थोरला माझ्याकडे आला व म्हणाला, "मास्तर, सोमवारी तालुक्याला चला. हक्कसोडपत्र करायचंय. धाकट्याचा अंगठा घेऊ. तुम्ही साक्षीला राहा. त्याला काय कळतंय? मी त्याला जन्मभर भाकर घालीन."

मला ह्यात काही वावगे दिसले नाही. उलट थोरल्याचे बंधुप्रेम पाहून मला समाधान वाटले, आणि मी येतो म्हणून शब्द दिला.

शनिवारी दिवेलागणीस धाकटा माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मुठीत शेतातील माती होती. ती त्याने उंबऱ्यावर ठेविली. मग आपला अंगठा दाखविला, माझ्याकडे बोट केले, आणि मान हलविली. एकदा नव्हे, तीनदा. त्याच्या डोळ्यांत पाणी होते की नाही हे मला आठवत नाही; परंतु त्या मानेचे हलणे मी विसरलो नाही. तो गेल्यावर माझ्या पत्नीने मला एवढेच म्हटले, "तुम्ही त्याला विचारलंत का?"

ह्या प्रश्नास मजपाशी उत्तर नव्हते. आठ वर्षे मी त्या मंडळीचा उपदेशक. धाकट्यासाठी मी प्रार्थना केल्या होत्या, नाताळात त्यास कापड दिले होते, त्याचे नाव घेऊन करुणेवर उपदेशही केला होता. पण त्याला काय हवे हे त्यास एकदाही विचारले नव्हते. त्याला बोलता येत नाही, ह्यावरून त्याला सांगावयाचे काही नाही, असे मी गृहीत धरिले होते. सोमवारी मी तालुक्यास गेलो असतो तर सीबाच्या कागदावर माझी सही पडली असती.

मी थोरल्यास जाऊन सांगितले की मी साक्षीस राहणार नाही. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर मंडळीचे दोन वडील, दोघे भाऊ, व शेजारचा एक चौदा वर्षांचा मुलगा असे आम्ही बसलो. हा मुलगा लहानपणापासून सुटीच्या दिवसांत धाकट्याबरोबर शेळ्या चारावयास जाई, व त्याच्या खुणा त्यास घरच्यांपेक्षा चांगल्या समजत. आम्ही मुलाला म्हटले, "काकांना विचार, त्यांना काय पाहिजे." आमची समजूत अशी होती की तो वर्षाकाठी धान्याचा वाटा मागेल. त्याने मागितले ते निराळेच. त्यास आपला दीड एकर स्वतः कसावयाचा होता, आणि आठवड्यात दोन दिवस विहिरीच्या पाण्याची पाळी हवी होती. पाण्याची पाळी! हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नव्हते. पाण्यावाचून जमीन म्हणजे काय, हे त्या 'न कळणाऱ्या' मनुष्यास आम्हां सर्वांपेक्षा अधिक कळत होते.

अंगठा उठला नाही. सात-बारावर दोघांची नावे लागली. धाकटा आज कांदा पिकवितो, व बाजारात बोटांवर भाव करून विकतो. परंतु मी तुम्हांस अर्धीच गोष्ट सांगू नये. थोरला माझ्यावर रागावला. सव्वा वर्ष त्याने मंदिराची पायरी चढली नाही, व गावात माझ्याविषयी बरेच बोलला. कैवार घेणाऱ्यास हे सोसावे लागते. पुढे एका पुनरुत्थानदिनी तो आला. त्या दिवशी दोघे भाऊ एका बाकावर बसले नाहीत. पण एका मंदिरात बसले, आणि तेवढ्याबद्दलही मी देवाचे आभार मानिले.

३. चौघांनी काय केले

आता कफर्णहूमातील त्या चौघांकडे वळू. त्यांच्यापासून कैवार घेण्याची रीत शिकावी.

पहिली गोष्ट ही की ते चौघे होते. एका मनुष्याने बाज उचलली असती तर ती कलंडली असती. एकट्या उपदेशकाने सर्व भार घेऊ नये. मंडळीतील एक लिहिणारा, एक वाट ठाऊक असलेला, एक घरच्यांशी बोलू शकणारा, असे लोक जोडावे. दुसरी गोष्ट, दार भरलेले पाहून ते परत गेले नाहीत; वर चढून त्यांनी छप्पर उकलले. एक वाट बंद झाली तर दुसरी शोधावी, हे त्यांस ठाऊक होते. तिसरी गोष्ट ही की शास्त्रात त्या चौघांचे एकही भाषण लिहिलेले नाही. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला असे लिहिले आहे. त्यांनी पक्षघाती मनुष्याचे दुःख रंगवून सांगितले असे लिहिलेले नाही. त्यांनी त्यास जेथे न्याय व दया मिळावयाची होती त्याच्या अगदी समोर नेऊन ठेविले, आणि तेथून पुढे बोलणे प्रभूचे व त्या मनुष्याचे झाले. आणि चौथी गोष्ट, शेवटी त्या मनुष्याने आपली बाज आपण उचलली व तो चालत घरी गेला. चौघांचे काम तेथे संपले. आम्ही तुला आणले, म्हणून आता जन्मभर आमच्या मागे चाल, असे ते म्हणाले नाहीत.

बार्तीमयाच्या गोष्टीतही हेच दिसते. यरीहोच्या वाटेवर तो आंधळा ओरडू लागला तेव्हा पुष्कळांनी त्यास गप्प राहावयास सांगितले. ते वाईट लोक होते असे नाही. प्रभूच्या मिरवणुकीत अडथळा नको, एवढेच त्यांस वाटले असावे. परंतु प्रभू थांबला, त्यास बोलाविले, आणि तुझ्यासाठी मी काय करावे अशी तुझी इच्छा आहे, असा त्यास प्रश्न केला. तो आंधळा आहे हे सर्वांस दिसत होते. प्रभूस तर सर्वच ठाऊक होते. तरी त्याने विचारले! ज्यास विचारण्याची गरज नव्हती त्याने विचारले, आणि ज्या आम्हांस काहीच ठाऊक नाही ते आम्ही विचारीत नाही.

मोशेला आपण जड जिभेचा आहो असे वाटत होते. देवाने त्याच्यासाठी अहरोनास मुख म्हणून दिले. परंतु अहरोनाने बोलावयाचे ते मोशेने सांगितलेलेच. पुढारी मोशेच राहिला. जो कोणी बहिऱ्याच्या खुणांचा अर्थ सांगतो, किंवा अडखळत बोलणाऱ्याचे म्हणणे कचेरीत मांडतो, त्याने हा नेम पाळावा. आपले एक वाक्य अधिक घालू नये, त्याचे एक वाक्य गाळू नये, आणि अधिकारी आपल्याकडे पाहून बोलू लागला तर नम्रपणे म्हणावे, "साहेब, प्रश्न ह्यांना विचारा, मी फक्त सांगतो आहे."

४. कायदा काय म्हणतो हे जाणून घ्या

पुष्कळ उपदेशक असे समजतात की कचेरीत जाणे म्हणजे दया मागणे. तसे नाही. पौलानेही आपण रोमी नागरिक आहो हे योग्य वेळी सांगितले. आपल्या अपंग बंधूंचे हक्क आज कायद्याने लिहिलेले आहेत, आणि जे लिहिलेले आहे ते मागणे म्हणजे भीक नव्हे.

ह्या विषयावरील पहिला मोठा कायदा सन १९९५ चा. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्याच्या जागी सन २०१६ चा 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम' झाला, व तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यात एकवीस प्रकार मानिले आहेत. अंधत्व, बहिरेपण, पांगळेपण ह्यांखेरीज मानसिक आजार, बौद्धिक अपंगत्व, सिकल सेल, आम्लहल्ल्याने झालेली विद्रूपता, आणि कुष्ठरोगातून बरे झालेले लोक, हेही त्यात येतात. ज्याचे अपंगत्व शेकडा ४० किंवा त्याहून अधिक असल्याचा दाखला मिळतो, त्यास कायद्याचे पुष्कळ विशेष लाभ मिळतात. अशा मुलास सहा वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे, मग ते जवळच्या शाळेत असो वा विशेष शाळेत. सरकारी नोकऱ्यांत शेकडा ४ व सरकारी साहाय्य असलेल्या उच्च शिक्षणसंस्थांत शेकडा ५ जागा अशा लोकांसाठी राखावयाच्या आहेत.

जमिनीच्या बाबतीत ह्याच कायद्याचे कलम १३ प्रत्येक उपदेशकाने पाठ करावे. अपंग मनुष्यास इतरांप्रमाणेच मिळकत धारण करण्याचा व वारशाने घेण्याचा हक्क आहे. आणि जो त्यास साहाय्य करतो त्याचा स्वतःचा लाभ एखाद्या व्यवहारात गुंतला असेल, तर त्या व्यवहारात त्याने साहाय्य करण्यापासून दूर राहिले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. सीबाच्या गोष्टीवर ह्याहून उत्तम भाष्य मला ठाऊक नाही. तसेच कलम ९२ प्रमाणे, चारचौघांत पाणउतारा करण्याच्या हेतूने अपंगाचा अपमान करणे हा गुन्हा आहे, व त्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. 'ए लंगड्या', 'ए बहिऱ्या' अशा हाका आपल्या गावांत विनोद म्हणून मारल्या जातात. त्या कोणाच्या काळजाला लागतात ह्याचा विचार निदान ख्रिस्ती लोकांनी तरी करावा.

कुष्ठरोग्यांविषयी एक गोष्ट विशेष सांगतो, कारण तिचा आपल्याशी निकट संबंध आहे. ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या सन १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यात कुष्ठरोग हे काडीमोडीचे एक कारण म्हणून लिहिलेले होते. हा रोग औषधाने बरा होतो हे सिद्ध झाल्यावरही ते तसेच राहिले होते. सन २०१९ मध्ये ते काढून टाकण्यात आले. आता जर कोणी पतीने किंवा पत्नीने तुमच्याकडे येऊन ह्या कारणावरून विवाह मोडण्याची गोष्ट काढली, तर तसे कारण आता कायद्यात नाही, हे तुम्ही निश्चयाने सांगावे.

५. कामाची रीत

आता उपदेशकांच्या उपयोगासाठी थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

आधी दाखला मिळवावा. सरकारी 'स्वावलंबन' संकेतस्थळावरून अर्ज करावा लागतो. गावातील किंवा तालुक्यातील सेवा केंद्रात तो भरून घेता येतो. मग नेमलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. माझ्या त्या बंधूस तीन खेपा घालाव्या लागल्या; एकदा कानांचे यंत्र नादुरुस्त, एकदा डॉक्टर रजेवर. तिन्ही वेळा मंडळीतील कोणी ना कोणी बरोबर गेला, म्हणूनच चौथी खेप घालावी लागली नाही. एकटा असता तर पहिल्याच खेपेस तो परतला असता व पुन्हा गेला नसता.

प्रत्येक गोष्ट लेखी करावी. अर्ज थोडका असावा. कोण, कोणता हक्क, कोणत्या कायद्याने, काय हवे, एवढेच त्यात असावे. रडगाणे नको व शिव्याशापही नकोत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, तारीख पाहावी, व ती प्रत जपून ठेवावी. अर्ज त्या मनुष्याच्या स्वतःच्या नावाने, त्यास अथपासून इतिपर्यंत वाचून किंवा खुणांनी समजावून, मगच त्याची सही किंवा अंगठा घेऊन द्यावा. ज्या कागदाचा अर्थ त्यास समजला नाही त्यावर अंगठा घेणे हे पाप आहे, मग तो कागद त्याच्या हिताचा का असेना.

दार बंद दिसल्यास छपराकडे पाहावे. महिन्यात उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराच्या सन २००५ च्या कायद्याने आपल्या अर्जाचे काय झाले हे विचारता येते. त्यास सामान्यतः तीस दिवसांत उत्तर दिलेच पाहिजे. अपंग मनुष्यास न्यायालयाच्या कामी विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क सन १९८७ च्या कायद्याने दिला आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तेथे विचारावे. त्याच्यावर घरात किंवा बाहेर जुलूम होत असल्यास दंडाधिकाऱ्याकडे तक्रार नेता येते. आणि सर्व राज्यासाठी अपंग कल्याणाचे आयुक्त पुणे येथे आहेत. निराधारांच्या अनुदानासाठी तहसील कचेरीत अर्ज होतो. आणखी, महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील शेकडा ५ भाग अपंगांच्या कल्याणासाठी खर्चावा असा आदेश आहे. ग्रामसभेत उठून, "गेल्या वर्षी ही रक्कम किती निघाली व कशात खर्च झाली?" असे शांतपणे विचारावयास काही हरकत आहे काय? पण त्याहून चांगले हे की, तुमच्या गावच्या पांगळ्या बंधूस ग्रामसभेत घेऊन जावे, व त्यानेच ते विचारावे.

बोलणे सौम्य असावे, पाऊल मात्र मागे घेऊ नये. त्या अन्यायी न्यायाधीशाकडे विधवा पुनः पुनः गेली. ती किती वेळ बोलली हे प्रभूने सांगितले नाही. ती येतच राहिली हे सांगितले. कारकुनास आपले नाव ठाऊक होईपर्यंत जात राहावे. आणि ज्याने काम केले त्याचे आभार मानण्यास विसरू नये. तोच दुसऱ्या वेळी दार उघडील.

६. न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून

शेवटी, तहसीलदाराकडे जाण्यापूर्वी आपण आपल्या मंदिराकडे पाहू या. आपल्या पायऱ्या किती उंच आहेत? ज्यास चढता येत नाही तो कोठे बसतो? बहिऱ्यास शास्त्रपाठ कोण दाखवितो? प्रभुभोजनाचा प्याला बाहेर बसलेल्यापर्यंत जातो काय?

शिष्यांनी जन्मांधास पाहून हा कोणाच्या पापामुळे असा जन्मला, असे विचारले, तेव्हा प्रभूने तो विचारच मोडून काढला. तरी आपल्यांत अद्याप कोणी म्हणतात की आईबापांच्या पापाचे हे फळ आहे, किंवा ह्याचा विश्वास कमी म्हणून हा बरा होत नाही. असे बोलून आपण त्या चौघांनी उकललेले छप्पर पुन्हा शाकारून टाकतो. प्रार्थना अवश्य करावी; पण कोणास त्याच्या इच्छेविरुद्ध पुढे बोलावून सर्वांच्या देखत उभे करू नये.

आपल्या पूर्वीच्या मिशनांनी ह्या कामात काही पावले टाकली, हे आपण विसरू नये. सन १८८७ मध्ये अमृतसर येथे अ‍ॅनी शार्प ह्या मिशनरी बाईंनी अंधांसाठी शाळा काढली. ती भारतातील पहिली होय. सन १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड ह्यांनी मुंबईत अंधांची शाळा सुरू केली. केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात अंध स्त्रियांस आश्रय मिळाला व ब्रेल लिपीने वाचावयास शिकविले गेले. ज्या अंध स्त्रीच्या बोटांखाली शास्त्र आले, तिच्यासाठी दुसऱ्याने वाचावे ह्याची गरज उरली नाही; ती इतरांस वाचून दाखवू शकली. कैवाराचा शेवट असा झाला पाहिजे. ज्यास आपण वाहून आणिले तो उद्या पंचांत बसेल, रविवारच्या शाळेत शिकवील, आपल्यालाच वाट दाखवील, अशी आशा धरून काम करावे. जो नेहमी घेणाराच राहतो त्यास आपण पंक्तीस बसविले असेल, पण त्याची जमीन त्यास दिली नाही.

म्हणून प्रियांनो, ह्या आठवड्यात एक काम करा. आपल्या मंडळीतील त्या एका बंधूच्या किंवा भगिनीच्या घरी जा. भेट नेऊ नका, उपदेश करू नका. जवळ बसा, आणि प्रभूने यरीहोच्या वाटेवर विचारला तोच प्रश्न त्यास विचारा. खुणांनी विचारावा लागला तर खुणांनी विचारा. उत्तरास वेळ लागला तर तेवढा वेळ बसा. आणि जे उत्तर मिळेल ते तुमच्या अपेक्षेहून निराळे असले तर आश्चर्य मानू नका.

जो आपल्या सर्वांचा कैवारी पित्याजवळ आहे, तो आपले कान उघडो, मग आपले तोंड. आणि सीबाच्या कागदापासून आपला हात आवरो. आमेन.